ढब्बूचा शेवटचा हुंकार

त्या सकाळी मी सगळ्यात आधी रेडिओ केंद्रावर फोन लावला आणि सांगितलं, ती आज तालमीला येणार नाही.

फोन निर्मातीबाईंनी उचलला. माझी बायको रेडिओसाठी नाटकं लिहायची आणि या बाई ती बसवायच्या. बरीच वर्षं दोघींचं असंच चाललं होतं.

"चालेल भाऊजी," बाई म्हणाल्या. "ताईंना म्हणावं, आराम करा. उद्या घेऊ."

"उद्याही नाही जमायचं."

"मग परवा. एवढं काय झालंय त्यांना?"

तेव्हा मला ते तोंडाने म्हणावं लागलं. रात्री कूस बदलून झोपली, ती सकाळी उठलीच नाही. डॉक्टर येऊन बघून गेले होते. मग म्हणालो, "मंडळींना सांगा, ताटकळत बसू नका."

लेकीला मी त्यानंतर कळवलं. आईची बातमी आधी रेडिओला आणि मग पोटच्या पोरीला, यावरून ती मला पुढे बोललीसुद्धा. पण तालमीची वेळ होत आली होती, आणि आपल्यामुळे चार माणसं खोळंबली तर बायकोला घास गोड लागायचा नाही. मला त्या घडीला तेवढंच सुचलं.

तालीम होती ती एका सिनेमाच्या रेडिओनाटकाची. त्या वर्षी तो सिनेमा न पाहिलेला माणूस शोधून सापडला नसता. एक अंतराळयान परक्या ग्रहावर नादुरुस्त होऊन पडतं. सगळे बाहेर दुरुस्तीला जुंपलेले, आत यानाच्या स्वयंपाकघरात एकटी स्वयंपाकीण. एक दिवस तिथला एक प्राणी दारातून आत येतो आणि चुलीशेजारी बसतो. गोल, बुटका, डोकं कुठे संपलं आणि पोट कुठे सुरू झालं ते कळत नाही. ती त्याला ढब्बू म्हणते. ढब्बूला आवाज नाही. तो रंगांनी बोलतो. भूक लागली की नारिंगी, रुसला की जांभळा, लाडात आला की हिरवा. पोरांच्या दप्तरावर ढब्बू, फुग्यावर ढब्बू, आमच्या दुकानात लहान मुलांच्या चष्म्याच्या डब्यांवरही ढब्बू.

तर हा सिनेमा रेडिओवर सहा भागांत करायचा, असं केंद्राने ठरवलं आणि काम माझ्या बायकोकडे आलं. तिथेच घोडं अडलं. रंगांनी बोलणारा प्राणी रेडिओवर आणायचा कसा?

रेकॉर्डिंगवाला म्हणाला, यंत्रावर टिंग टुंग वाजवू. त्याला सगळे खटका म्हणतात, कारण हातात बटण नसलं तर तो पेनाचं टोपणच टकटक वाजवत बसतो. निर्मातीबाई म्हणाल्या, सरळ निवेदक घालू. ढब्बू जांभळा झाला, ढब्बू हिरवा झाला, असं तो सांगेल.

"नाटक आहे का रंगाऱ्याचं दुकान?" बायको म्हणाली. निवेदकाचं आणि तिचं कधी जमलं नाही. निवेदक आला की समजावं, लेखकाने हात टेकले, असं ती म्हणायची.

सिनेमावरून नाटक करायचं असलं की तिची एक ठरलेली रीत होती. ती मला सिनेमाला न्यायची आणि डोळे मिटून बसायला लावायची. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो, फ्रेममध्ये भिंगं बसवतो, सैल झालेल्या काड्या आवळतो. जन्मभर लोकांना नीट दिसावं म्हणून राबलो आणि बायकोने मला तिकीट काढून आंधळा करून बसवलं. जिथे मला काही कळेनासं होई तिथे मी तिच्या मनगटाला बोट लावायचं. ती अंधारातच कागदावर रेघ मारायची. तेवढ्या जागा रेडिओवर ऐकणाऱ्याला अडणार, म्हणून त्या तिने घरी येऊन दुरुस्त करायच्या. अशा कितीतरी सिनेमांना मी गेलो आणि एकही पाहिला नाही.

ढब्बूच्या सिनेमाला तर माझं बोट तिच्या मनगटावरून उचललंच जाईना. मागच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "यांना घरी तरी झोपवायचं."

"घरी झोपत नाहीत हो," बायको म्हणाली, "नुसते घोरतात."

शेवटी शेवटी सगळं शांत झालं. बोलणं नाही, संगीत नाही, काही नाही. मी म्हणालो, "चला, संपला वाटतं." जरा मोठ्यानेच म्हणालो असेन, कारण चारी बाजूंनी श्श् श्श् झालं. मग कळलं, माझ्या दोन्ही बाजूंना लोक रडत होते. निघायच्या वेळी स्वयंपाकीण ढब्बूचा निरोप घेते आणि तो तिला एका रंगात उत्तर देतो. मी सोडून सगळ्यांनी ते पाहिलं होतं.

घरी येताना ती म्हणाली, "तुम्हाला संपला असं वाटलं ना, तसंच रेडिओवरही वाटणार. तिथेच सगळ्यात मोठं भोक आहे."

ढब्बूचा आवाज तिला सापडला तो आमच्या चहाच्या टेबलावर. मी पेपर वाचत होतो, ती काहीबाही विचारत होती आणि मी हं हं करत होतो. एकदम तिने कप खाली ठेवला.

"परत म्हणा."

"काय?"

"आत्ता म्हणालात ते."

"मी कुठे काय म्हणालो?"

"मी विचारलं, नळवाल्याला बोलवू का? तुम्ही हं म्हणालात. म्हणजे कशाला पैसे घालवतेस, मी बघतो. मग विचारलं, लेकीकडे जाऊन यायचं का? तेव्हाही हं. म्हणजे मला जायचंय, पण ठरव तू, नंतर माझ्या नावाने खडे नकोत. बरोबर?"

"हं," मी म्हणालो.

"हा तिसरा. हा म्हणजे पेपर वाचू दे." मग ती हसायला लागली ती थांबेना. "इतकी वर्षं परग्रहावरचा प्राणी घरात पोसतेय आणि ढब्बू शोधायला सिनेमाला जातेय."

झालं. रेडिओवरचा ढब्बू फक्त हुंकार भरणार आणि त्याचा अर्थ स्वयंपाकिणीच्या बोलण्यातून कळणार. आणि हुंकार भरणार मी. मी साफ नाही म्हणालो. ती म्हणाली, बरं, नका करू, नुसते येऊन बसा. स्टुडिओत काचेआड स्वयंपाकिणीचं काम करणारी नटी होती. तिला सगळे मैना म्हणतात. मैना माझ्याशी गप्पा मारायला लागली, सूप कसं झालंय, मीठ पडलंय का, रुसलात का. मी आपला हं, हूं, अं. बऱ्याच वेळाने वर बघतो तर रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागलेला. पहिला भाग संपतही आला होता.

पुढचे चार भाग मग मी कळून सवरून केले. बायको मैनाच्या मागे खुर्चीवर बसायची. विचारायची मैना, उत्तर मी बायकोला द्यायचो. कागदावर माझ्या प्रत्येक हुंकारापुढे तिने अर्थ लिहिलेला असायचा. "ढब्बू: आधी चव बघू दे." "ढब्बू: मी रुसलेलो नाही, पण विचारत राहा." एकदा नुसतं, "ढब्बू: नळवाला." ते आम्हा दोघांनाच कळलं. खटका विचारत राहिला, ग्रहावर नळ कुठून आला.

सहावा भाग राहिला होता. त्याची तालीम त्या सकाळी होती.

सगळं उरकल्यावर, पाहुणे पांगल्यावर, निर्मातीबाई घरी आल्या. चहा घेतला, कपाच्या कानाशी चाळा करत बसल्या. नाटकाच्या जाहिराती लागून गेल्या होत्या, भाग ठरल्या वारी सुरू होणार होते.

"भाऊजी, मी कुठल्या तोंडाने विचारू."

"कधी यायचं ते सांगा," मी म्हणालो.

स्टुडिओत गेलो. मैना माझ्या पाया पडायला वाकली, मी म्हटलं, राहू दे, आधी काम. तिच्या मागची खुर्ची कोणीतरी भिंतीला लावून ठेवली होती. मी ती परत जागेवर ठेवायला सांगितली, तरी मान वर केली की नजर कुठे ठेवावी ते कळेना. पण हुंकार निघाले. भुकेचा निघाला, चेष्टेचा निघाला. शेवटच्या पानापर्यंत आलो.

शेवटच्या पानावर स्वयंपाकीण विचारते, "जाऊ ना?" त्याखाली लिहिलेलं होतं, "ढब्बू:" आणि पुढे काही नाही. कोरी जागा. त्याखाली स्वयंपाकिणीचं शेवटचं वाक्य, "बरं. जाते मग." की नाटक संपलं.

"इथे अर्थ लिहायचा राहिला का?" बाईंनी विचारलं. "ताई काही बोलल्या होत्या तुमच्याशी?"

"मी विचारलं होतं. म्हणाली, तालमीत बघू."

लाल दिवा लागला.

"जाऊ ना?" मैना म्हणाली.

"हं," मी म्हणालो.

मैनाने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गप्प राहिली. खटक्याने यंत्र थांबवलं. काचेपलीकडून बाईंचा आवाज आला, "मैना, तुझं वाक्य."

"ठाऊक आहे हो बाई. पण काका थांब म्हणतायत. थांब म्हटल्यावर, बरं, जाते मग, असं कसं म्हणू? किती दगडाच्या काळजाची वाटेन मी."

परत केलं.

"आता?" मी विचारलं.

"आता तर तुम्ही पदरच धरलात काका."

परत केलं. या वेळी मी जरा घसा साफ करून, कोरडा काढला.

"आता रागावलात. जायचं तर जा, कोणी अडवलंय, असा."

"तो मी ओळखतो," खटका आतून म्हणाला. "ताई बिस्किटांचा डबा उचलून ठेवायच्या, तेव्हाचा आहे तो."

सगळे हसले, मीही हसलो, पण हुंकार काही येईना. किती वेळा केलं असेल कोण जाणे. दर वेळी मैना मान हलवायची. तिच्याही डोळ्यांत पाणी यायला लागलं, तेव्हा बाईच आत आल्या.

"भाऊजी, एक विचारू? एक ओळ निवेदक घालते. फक्त एक. 'ढब्बू पांढरा झाला.' बस. तुम्हालाही त्रास नको."

"पांढरा होतो का तो?"

"म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

"माझे डोळे मिटलेले होते."

बाईंना ती रीत ठाऊक होती, पण इतक्या दिवसांत मी चोरूनसुद्धा पाहिला नसेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मी विचारलं, "मग पांढरा म्हणजे काय?"

"म्हणजे थांब," खटका म्हणाला.

"काहीतरीच. म्हणजे जा, सुखाने जा," मैना म्हणाली.

"आमच्या घरात सगळ्यांना थांबच वाटलं."

"तुमच्या घरात सगळे खटकेच असणार."

दोघांचं चांगलंच जुंपलं. मी बाईंना म्हटलं, "बघा, रंग सांगून तरी कुठे कळतंय."

मग खटक्याने एक उपाय काढला. तिसऱ्या भागातला माझा एक हुंकार त्याने उचलला आणि इथे चिकटवला. मैनाने "जाऊ ना?" म्हटलं, यंत्रातून माझाच आवाज आला, आणि ती अगदी सहज म्हणाली, "बरं. जाते मग." छान झालं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

मला तो हुंकार आठवत होता. कागदावर त्यापुढे लिहिलं होतं, "मीठ कमी आहे, पण चालेल."

मी ते सांगितलं. खटका म्हणाला, "पण ऐकणाऱ्याला काय कळणार आहे?"

"ऐकणाऱ्याला नाही कळणार," मी म्हणालो.

हट्ट करायचा माझा स्वभाव नाही. आणखी एक शब्द कोणी बोललं असतं तर मी हो म्हणून घरी गेलो असतो. पण बाईंनीच विचारलं, "ताईंनी हे ठिगळ ठेवलं असतं का?"

"नसतं ठेवलं."

"मग मीही नाही ठेवत." त्यांनी कागद गोळा केले. "पहिला भाग या आठवड्यात लागतोय. सहावा लागेपर्यंत वेळ आहे. तोवर जमवा भाऊजी. नाही जमलं तर मात्र निवेदक. माझाही इलाज नाही."

लेक अजून माझ्याकडेच होती. ती सासरी, दुसऱ्या गावात, शाळेत शिकवते. रजा संपत आली होती, मग वाढवली, मग परत संपत आली. दर आठवड्याला तिची बॅग भरून दाराशी यायची. ती विचारायची, "बाबा, निघू ना मी?" मी म्हणायचो, "हं." की ती बॅग आत नेऊन कपडे परत कपाटात ठेवायची.

"अगं, मी हो म्हणालो."

"तुम्ही काय म्हणालात ते मला कळतं. मी आईची मुलगी आहे."

मग जावयांचा फोन यायचा. "सासरेबुवा हं म्हणाले का परत?" ते विचारायचे. "हरकत नाही. इथे सगळं ठीक आहे. एक पातेलं जळलंय, पण ते जुनंच होतं." पुढच्या आठवड्यात दुसरं पातेलं जळलं, ते नवं होतं.

नाटकाचे भाग आम्ही दोघांनी मिळून ऐकले. पहिल्या भागात ढब्बू चुलीशेजारी बसून स्वयंपाकिणीला हुंकार देत राहतो, ते ऐकताना लेक आधी हसली, मग तोंडावर हात धरून बसली.

"हे तर आपलं जेवणाचं टेबल आहे," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "बाबा, किती बोलता हो तुम्ही यात."

गिऱ्हाइकंही दुकानात ढब्बूचं बोलायला लागली. ढब्बूचं काम करणारा नट कोण आहे म्हणून एकाने मलाच विचारलं. मी त्याचा चष्मा पुसून दिला आणि नुसतं हं म्हणालो. त्याला काही ओळखता आलं नाही. तेव्हा मला जाणवलं की ते ऐकायलाही समोर कोणीतरी लागतं.

मी सराव करत होतो. भिंगं घासताना, रस्त्याने चालताना. एकदा बस थांब्यावर शेजारच्या माणसाने विचारलं, "काही म्हणालात का?" घरी आरशासमोर केलं तर ढब्बूसारखा दिसलो, पण तसा आवाज काही आला नाही. मला प्रामाणिकपणे वाटत होतं की मी जा म्हणतोय. बाहेर पडताना ते थांब होऊन पडत होतं. बायकोने मला विचारलं असतं, जाऊ ना, तर मी थांबच म्हणालो असतो. तिने विचारलं नाही, तशीच गेली. तर आता तिच्या नाटकात तरी मी जा कशाला म्हणू, असंही एकदा मनात आलं. पण खालचं वाक्य तिनेच लिहिलं होतं. बरं, जाते मग. स्वयंपाकिणीला जायचंच होतं, आणि ढब्बूवर रागावून नव्हे. इतकं मला कळत होतं.

पाचवा भाग लागला त्या आठवड्यात लेकीच्या शाळेतून चिठ्ठी आली. आता रजा वाढवता येणार नव्हती. सकाळी ती परत बॅग घेऊन दाराशी आली. चष्मा सारखा नाकावरून घसरत होता, एका हाताने ती तो वर सारत होती.

"आण इकडे," मी म्हणालो.

"बाबा, उशीर होईल."

"चष्मेवाल्याची पोर आणि ही दशा. आण."

खिडकीशी उजेडात बसलो. एका काडीचा स्क्रू अर्धा बाहेर आला होता. तो आवळला, दुसरी काडीही जराशी आवळली, नाकावर बसतात त्या दोन चकत्या आत दाबल्या, भिंगं पुसली. मग तिला खाली बसवून चष्मा घातला, कानामागे बोट फिरवून बघितलं, रुतत तर नाही ना. ती माझ्याकडे बघत राहिली.

"बरा बसला," ती म्हणाली. "निघू ना बाबा?"

मी स्क्रू ड्रायव्हर पुसून डबीत ठेवत होतो. "हं," मी म्हणालो.

तिने बॅग उचलली. गोळ्या वेळेवर घ्या म्हणाली, दूधवाल्याचं सांगितलं, पोचल्यावर फोन करते म्हणाली. जिन्यावर तिची पावलं वाजायला लागली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ती जातेय.

डबी हातात घेऊन मी तसाच बसून राहिलो. जरा वेळाने तो हुंकार परत काढून बघितला. पहिल्यांदा आला नाही. दुसऱ्यांदा थोडासा आला.

जावयांचा संध्याकाळी फोन आला. "आली हो," म्हणाले. "या वेळी कसं काय सोडलंत?"

"चष्मा दुरुस्त करत होतो," मी म्हणालो.

मग मी निर्मातीबाईंना फोन लावला.

"कसं काय भाऊजी?"

"जमेल असं वाटतंय."

"वाटतंय की जमेल?"

"वाटतंय. मैना लागेल समोर. तिने मान हलवली तर परत करू."

"मैना येईल. खटक्याला सांगते." त्या थांबल्या. "आणि निवेदकाला?"

"त्याला अजून बोलवू नका."

"बुधवारी स्टुडिओ रिकामा आहे. या. खुर्ची ठेवायची का मैनाच्या मागे?"

मी जरा विचार केला. "ठेवा," म्हटलं.

पाच भाग वाजून झाले आहेत. सहावा सगळा तयार आहे, त्यातला माझा एक हुंकार तेवढा रेकॉर्ड व्हायचा राहिला आहे.